मंगळवारची बिअर

सेनोबियाने बटण दाबलं आणि मागच्या बाकावरच्या रेडिओतून नुसती खरखर आली.

ओरूरो गावच्या त्या कॉलेजात संवाद आणि प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स हे विषय वेगवेगळे शिकवत, पण शेवटची परीक्षा एकच. आपण जोडलेला छोटा ट्रान्समीटर पंधरा मिनिटांत चालवून दाखवायचा आणि तो कसा चालतो ते समोरच्यांना सांगायचं. समोर कोण, तर बाजारातल्या बाया, हमाल, पोरांचे आईबाप. त्यांच्यातल्या एकाने तरी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगितलं तर पास. गेल्या वर्षी सेनोबियाचं यंत्र झकास चाललं होतं, पण तिची दातखीळ बसली. तिसरी संधी कॉलेज देत नाही. खाणीच्या रेडिओ केंद्राने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, तीही आजच्या निकालापर्यंतच.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे परीक्षक, इंजिनिअर चोके, पुढे झाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी किती वाजले विचारलं तरी आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

सेनोबियाने वीज बंद केली, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत सगळं चिकट झालेलं. दोन तारांच्या मधे कागदाची गुलाबी टिकली बसली होती आणि बिअरचा वास असा आला की पहिल्या रांगेतल्या हमालाने मान वर केली.

तिला सगळं कळलं. कार्निव्हलच्या मंगळवारी घर, गाडी, दुकान, जे जे पोटाला देतं त्याच्यावर बिअर शिंपडायची, रंगीत टिकल्या उधळायच्या, पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, तिचा घोट द्यायचा. सगळं गाव हेच करतं. सेनोबिया पाव आणायला गेली असताना आईने, दोन्या फॉर्तुनाताने, घरातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वस्तूला उपाशी ठेवलं नव्हतं, एवढंच. झाकणाच्या फटींतून चांगला अर्धा पेला पाजला होता. आता या मायेला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

आई तिसऱ्या रांगेत बसली होती, नवी हॅट घालून. गुलाबी टिकली तिनेही पाहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दारावर चोकेंची सूचना लावलेली होती. दर वर्षी कार्निव्हलनंतर त्यांच्याकडे वास मारणारी यंत्रं येत, म्हणून यंदा त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: यंत्राला दारू पाजली तर नापास. दोन्या फॉर्तुनाताला वाचता येत नव्हतं.

"हे कोणी केलं?" चोकेंनी विचारलं.

सेनोबियाने टिकली चिमटीत धरून काढली. "माझ्या हातून सांडली, सर. पेला शेजारी ठेवला होता."

चोकेंनी वहीत काहीतरी लिहिलं. नऊ मिनिटं उरली होती.

साफ तर करायला हवं होतं. पण कशाने? मग ती सरळ आईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या गाठोड्यातली अल्कोहोलची बाटली मागितली. शिंपडायला नेतात तीच, कार्निव्हलच्या आठवड्यात कुठलीही आई तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आईने बाटली काढून दिली.

आधी ओल्या फडक्याने, मग अल्कोहोलात बुडवलेल्या ब्रशने सेनोबिया पुसत गेली. हात थांबवायला वेळ नव्हता म्हणून तोंडही थांबलं नाही. वीज तारेच्या वाटेने जाते, ती सांगत होती, पण मधे काही ओलं-चिकट सांडलं की तिला आडवाट मिळते. ती तिकडे वळते आणि आवाज घेऊन जायचं तिचं काम राहून जातं. गेल्या वर्षीची दातखीळ कुठे गेली ते तिचं तिलाच कळलं नाही.

दोन मिनिटं राहिली. अल्कोहोल उडून गेलं होतं. तिने बटण दाबलं, खरखर थांबली. संवादाच्या विल्काबाईंनी विचारलं, कोण परत सांगतं? हमालाने मान खाली घातली. भाजीवाली पायाकडे बघत बसली. सेनोबियाला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात दोन्या फॉर्तुनाता उठली. हॅट सावरत पुढे आली आणि तिने ट्रान्समीटरचा माईक हातात घेतला.

"बिअर मी ओतली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या बाकावरच्या रेडिओतून खणखणीत आला. "पोरगी खोटं बोलतेय, साहेब. मला वाटलं यंत्राला बरं वाटेल. पण बिअरने आडवाट पाडली, वीज तिकडे भरकटली आणि आवाज इथेच राहिला. हिने ती वाट पुसली, म्हणून मी आता तुम्हाला मागून ऐकू येतेय. नापास करायचं तर मला करा."

विल्काबाईंनी चोकेंकडे पाहिलं. चोके बराच वेळ दारावरची सूचना वाचत राहिले, जणू दुसऱ्या कोणी लिहिलीय. मग त्यांनी वहीतली मघाची ओळ खोडली.

"ही सूचना विद्यार्थ्यांसाठी आहे," ते म्हणाले. "आयांबद्दल यात काही नाही. मागे नीट ऐकू आलं ना?"

"शब्द न् शब्द," मागच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला.

चोकेंनी सही केली. आईच्या हातातला माईक अजून चालूच होता, आणि सेनोबिया तिच्या गळ्यात पडून हुंदके देत होती ते सगळं मागच्या रेडिओतून ऐकू येत राहिलं.