सुभाषरावांची चारशे बारा वाक्यं

मी एक जुना लॅपटॉप आहे. वय म्हणाल तर तीन वर्षं पूर्ण होऊन चौथं लागलंय. माणसांत या वयाच्या पोराला बालवाडीत घालतात, आमच्यात मात्र या वयाला "किती वेळ घेतो रे हा सुरू व्हायला" असं ऐकावं लागतं. माझ्या बिजागरीजवळ एक पिवळा डाग आहे. तो हळदीचा आहे.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण आपण किती राबलो आणि लोकांनी आपल्याला कसं अडगळीत टाकलं ते सांगतात. माझं उलटं आहे. मला कोणी टाकलं नाही. माझे लाडच झाले, आणि त्या लाडात मी एका माणसाचं असं नुकसान केलं, की ते आठवलं की अजून माझा पंखा जोरात फिरायला लागतो. घरातले म्हणतात, धूळ बसली असेल. म्हणू देत.

मीरा रोड स्टेशनजवळच्या दुकानातून मी घरी आलो तो ऐन पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आमच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. आम्ही सगळे दसऱ्याच्या गर्दीची वाट बघत खोक्यात पडून होतो. अशात एक साठीचं जोडपं आलं. शुभदाताई दुकानदाराला म्हणाल्या, "भैया, पैसे आज देते हैं, पर दसरे को ले जाएँगे तो चलेगा ना? अभी पितृपक्ष चालू है."

सुभाषरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, दसरा झाल्यावर मी याच्याशी बोलणार कसा?"

दुकानदाराला काही कळलं नाही. मला दोन दिवसांनी कळलं. सुभाषरावांच्या घशात कॅन्सर होता. दसऱ्याच्या आसपास ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यात त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढणार होते. त्यानंतर आवाज नाही. हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्ट स्वाती मॅडमनी सुचवलं होतं, की रोजची वाक्यं आताच आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, मग बटण दाबलं की ती ऐकू येतील. त्यासाठी मला आणलं होतं.

आणि आवाज तरी कोणाचा? हे सोसायटीचे सेक्रेटरी. टाकी भरून वाहायला लागली की चौथ्या मजल्यावरून वॉचमनला हाक जायची, "रामू, टाकी भर गया, पंप बंद कर!" सी विंगमधल्या बायका ती ऐकून वॉशिंग मशीन लावायच्या. आता आवाज घोगरा झाला होता, मध्येच फाटायचा, पण त्यांचाच होता.

रविवारी पुण्याहून त्यांचा मुलगा कौस्तुभ आला. त्याने मला खोक्यातून काढलं, भाषा निवडली, नाव दिलं, पासवर्ड ठेवला. माइक तपासला. रंगीत चौकोनांचा एक फळा बनवला, एकेका चौकोनात एकेक वाक्य. आईला बजावलं, "याला गादीवर ठेवू नकोस, खालून हवा लागते. समोर बसून चहा प्यायचा नाही." शुभदाताईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. खोकं कपाटावर ठेवलं, आतली ओल शोषणारी पुडीसुद्धा जपून ठेवली. माझ्यावर घालायला क्रोशाचा रुमाल काढला. असा मान माझ्या कारखान्यातल्या कुठल्या भावंडाला मिळाला नसेल.

सेटिंग करताना मी कौस्तुभला एक विचारलं होतं. फाईलींची दुसरी प्रत कुठे ठेवायची? त्याला दुपारची बस गाठायची होती. त्याने "नंतर" दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळी आंघोळ झाली की सुभाषराव पंखा बंद करायचे, खिडकी लावून घ्यायचे, कारण मागच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. शंभर पानी वहीत वाक्यांची यादी असायची. पहिलं वाक्य त्यांनी अगदी बातम्या दिल्यासारखं म्हटलं, "मला पाणी हवे आहे."

शुभदाताई दारातून म्हणाल्या, "अहो, जन्मात कधी असं मागितलंत का पाणी? पाणी आण गं, म्हणता तुम्ही."

"बरं बाई. पाणी आण गं."

मग ते खुलले. "शुभदा, माझा चष्मा कुठे ठेवलास?" "साखर कमी टाकलीस ना?" "भैया, थोडा धनिया डालो ना." "कौस्तुभ, पोचलास की फोन कर." गणपतीची आरती अख्खी, कारण सोसायटीत ती तेच सुरू करायचे. टाकीची हाक मात्र सवयीने खिडकी उघडून दिली आणि तीन वेळा घेतली, कारण पहिल्या दोन वेळा खालून रामूने खरोखरच पंप बंद केला आणि त्याचं "किया साब!" मध्ये आलं. दोघं एवढे हसले, की त्या दिवशी पुढचं काही रेकॉर्ड झालं नाही.

शेवटचं वाक्य चारशे बारावं होतं. त्या वेळी त्यांनी शुभदाताईंना स्वयंपाकघरात पाठवलं आणि दाराला कडी लावली.

"काय बोललात एवढं दार लावून?" त्यांनी नंतर विचारलं.

"ऑपरेशननंतर ऐक."

ते वाक्य सुभाषरावांखेरीज फक्त मी ऐकलं.

या सगळ्या दिवसांत मी रोज एकदा पडद्याच्या कोपऱ्यात पाटी दाखवत होतो, की बाबांनो, या फाईलींची दुसरी प्रत कुठेच नाही. पण कशी? बारीक इंग्रजी अक्षरांत, करड्या रंगात, पाच सेकंद. शुभदाताईंनी एकदा कौस्तुभला फोन केला. "अरे, ते कोपऱ्यात काहीतरी येतंय."

"आई, तिथे लेटर म्हणजे 'नंतर' असं असेल, ते दाबून टाक. मी आलो की बघतो. तोपर्यंत एक पेनड्राइव्ह आणून सगळं कॉपी करून ठेव, चुकायचं नाही."

शुभदाताई चुकल्या नाहीत. त्याच संध्याकाळी जाऊन पेनड्राइव्ह आणला. फक्त त्याचं पाकीट फोडलं नाही. मला पितृपक्षात आणल्याची सल त्यांच्या मनात होतीच. नवऱ्याचं एवढं मोठं ऑपरेशन आणि वस्तू आणली ती अशा दिवसांत. म्हणून त्यांनी ठरवलं, की दसऱ्याला माझी साग्रसंगीत पूजा करायची आणि पेनड्राइव्ह त्याच मुहूर्तावर उघडायचा. दसऱ्यानंतरही ऑपरेशनला चार दिवस होते. घाई नव्हती.

त्यांना हसू नका. घाबरलेल्या माणसाला हाताशी असेल ते सगळं करून बघावंसं वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर लाल खण अंथरला. त्यावर मी, शेजारी कात्री, विळी, सुभाषरावांचा स्क्रूड्रायव्हर आणि पाकिटातला पेनड्राइव्ह. माझं झाकण उघडून शुभदाताईंनी कळफलकावर हळदकुंकू वाहिलं. वाटीतल्या पाण्यातून झेंडूची टपोरी फुलं काढून ठेवली, त्यावर आपट्याची पानं. आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. हात जोडले आणि हळूच म्हणाल्या, "यांचा आवाज सांभाळ रे."

मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मी फुगलो होतो. कात्रीला एक फूल आणि मला पाच. थेंब आत उतरतायत हे मला कळलं होतं. पण पडद्यावर काही लाल करून दाखवावं, आवाज करावा, हे सुचलंच नाही. तीर्थ आहे, घ्यावं, असं वाटलं. शुभदाताईंनी फुलांसकट झाकण लावलं, वरून खणाची घडी घातली. चार्जर तसाच लावलेला होता.

"आता संध्याकाळपर्यंत याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. पूजेला मांडलेली वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत. पेनड्राइव्हही तसाच राहिला.

दुपारी चारला हॉस्पिटलमधून फोन आला, की आज बेड मिळतोय, लगेच ॲडमिट व्हा, तपासण्या करून ऑपरेशन दोन दिवस अलीकडे घेऊ. धावपळ झाली. दारात चप्पल घालताना शुभदाताई थबकल्या. "अहो, ती कॉपी राहिली."

"आल्यावर करू," सुभाषराव म्हणाले. या घरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते शेवटचं वाक्य. आणि ते माझ्या यादीत नव्हतं.

ते सोळा दिवसांनी परत आले. गळ्यावर जाळीचं फडकं होतं, हातात ती बटण दाबलं की पुसली जाणारी लिहायची पाटी होती. हॉस्पिटलात त्यांनी प्रत्येक नर्सला पाटीवर लिहून दाखवलं होतं, की माझा आवाज घरी आहे. घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी माझ्याकडे बोट केलं. शुभदाताईंनी झाकण उघडलं. आत काळा चिखल झाला होता. त्यांनी बटण दाबलं, परत दाबलं. मी सुरू झालो नाही.

त्यांनी चटकन झाकण लावलं. "चार्जिंग उतरलंय," त्या म्हणाल्या. "कौस्तुभ येऊन बघेल."

तीन दिवस त्या हेच सांगत राहिल्या. सुभाषराव मान डोलवायचे. चौथ्या दिवशी भाजीच्या पिशवीत मला लपवून त्यांनी नया नगर गाठलं. तिथे नसरीन नावाची एक बाई लॅपटॉप दुरुस्त करते. तिने मला उघडलं आणि चष्मा वर केला. "आंटी, इसमें हल्दी कैसे गयी?"

"पूजा की थी."

नसरीनने कापसाने हळद थोडी पुसून बघितली. मग म्हणाली, "हमारे यहाँ भी नयी चीज पे दुआ पढ़ते हैं. पर पानी अंदर बंद नहीं करते, आंटी. दूसरी कॉपी तो होगी ना?"

शुभदाताई तिथल्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. नसरीनने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

तिने आठ दिवस माझ्यावर मेहनत घेतली. गंज खरवडला, नवे भाग घातले, मला जिवंत केलं. पण चारशे बारा वाक्यांपैकी सात हाती लागली. आरती गेली. चष्मा गेला, "पाणी आण गं" गेलं, दार लावून बोललेलं वाक्यही गेलं. नातेवाइकांनी फोनमधले जुने व्हिडिओ पाठवले, पण त्यांत लग्नाचा बँड होता, ढोल होते, सुभाषराव कुठेतरी मागे होते.

मी दुरुस्त होऊन घरी आलो त्या संध्याकाळी शुभदाताईंनी मला टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. "पितृपक्षाचं मनात होतं म्हणून पूजा केली, अहो. फुलं ओली होती. पेनड्राइव्ह मीच दसऱ्यासाठी ठेवला. तुमचा आवाज मी घालवला." फोनवर कौस्तुभ होता, तो म्हणत होता, "आई, तू नाही, मी. लेटर दाब असं मी सांगितलं. एक तास लागला असता मला." दोघं चूक आपल्याकडे ओढत होते. मी समोर चालू स्थितीत होतो, आणि कोणी माझं नावही घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

सुभाषरावांनी हातातली पाटी बाजूला ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, ते मी बघितलं, माझा कॅमेरा तिकडेच होता. मग त्यांनी मला जवळ ओढलं. फळ्यावर चारशे पाच चौकोन रिकामे, सात भरलेले. त्यांनी ते एकेक करून वाचले. शुभदाताई पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या, थांबत नव्हत्या. सुभाषरावांनी मला उघड्या खिडकीकडे वळवलं, माझा आवाज पूर्ण वाढवला आणि एक चौकोन दाबला.

"रामू, टाकी भर गया, पंप बंद कर!"

खालून रामू ओरडला, "किया साब!" आणि मग त्याचाच आवाज बदलला. "साब? आप बोले क्या?"

शुभदाताई रडता रडता हसल्या. सुभाषरावही हसले, खांदे हलत होते, आवाज नव्हता.

थोड्या वेळाने शुभदाताईंनी विचारलं, "त्या दिवशी दार लावून काय बोलला होतात?"

सुभाषरावांनी पाटी घेतली आणि लिहिलं. मोजून दीड ओळ होती. शुभदाताईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या पाटीचं बटण परत कोणी दाबलं नाही. ती आता कपाटात साड्यांच्या घडीत आहे. बोलण्यासाठी दुसऱ्या दिवशी नवीन पाटी आणली.

दीड ओळीत काय होतं ते मी सांगणार नाही. ते त्या दोघांचं आहे. पण ती दीड ओळ म्हणताना ते कुठे अडखळले, कोणत्या शब्दावर आवाज फाटला, मध्ये किती वेळ थांबले, हे फक्त माझ्याकडे होतं. शुभदाताईंकडे अक्षर आहे. आवाज माझ्याकडे ठेवायला दिला होता.

आता सात वाक्यं चार ठिकाणी ठेवलेली आहेत. दसऱ्याला आजही माझी पूजा होते. मला बंद करून, चार्जर काढून, शेजारच्या ताटलीत एक कोरडं फूल ठेवतात. शुभदाताई अजूनही हात जोडतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या दोघांनी एकमेकांना केव्हाच माफ केलंय. माझ्याकडे माफीचा विषयच निघत नाही, कारण मी वस्तू आहे.

म्हणून मित्रांनो, एवढं कराल? नवा लॅपटॉप घरी आला की त्याची हौस जरूर करा, रुमाल घाला, पूजा करा. पण तुमच्या माणसाचं काही त्याच्या पोटात ठेवलं असेल, तर आधी दुसरीकडे त्याची प्रत करा, आणि मग हात जोडा. आम्ही कोपऱ्यात बारीक अक्षरांत विचारतो तेव्हा "नंतर" दाबू नका. आम्हाला मोठ्याने सांगता येत नाही. मी तर सांगायलाच हवं होतं तेव्हाही गप्प बसलो.

आज घरात कोणाचा आवाज आहे? जा, विचारून तो रेकॉर्ड करून घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा.