फलालीनची पट्टी

ताई चिडली होती, आणि चिडायचा तिला पुरेपूर हक्क होता. जिने उभा जन्म लेस विणण्यात घातला, तिलाच तिचा धाकटा भाऊ चहा पिता पिता सांगत होता, "ताई, आता पुरे. डोळे गेले तुझे."

झालं होतं असं. भाचीच्या लग्नाच्या ओढणीला लांबलचक किनार हवी होती. त्यातली अर्धी ताईने सरळसोट विणून काढली, लेसच्या उशीवरून उतरवली आणि तापाने आडवी झाली. उठून दुसरा तुकडा सुरू केला, तर नक्षी डावीकडे चालली. या उशीत एक जाडजूड रूळ बसवलेला असतो. त्याभोवती भोकं पाडलेला नक्षीचा पुठ्ठा गुंडाळायचा, भोकांत टाचण्या रोवायच्या आणि टाचण्यांभोवती बॉबिनींचे दोरे फिरवायचे. रूळ फिरत जातो, लेस लांबत जाते. पण पुठ्ठा केसभर सरकला, तरी वीतभर पुढे गेल्यावर फुलं रस्ता चुकतात. ताईने टाचण्या बदलल्या, दोरे सैल सोडले, चष्मा तर पुसून पुसून झिजवला.

"पुठ्ठाच सरकतोय," ती म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" भाऊ हसला. "किनार दुकानातून आणू. उशी टाक माळ्यावर."

माळ्यावर! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. उशी गेली तर या घरात तिने दिवसभर करायचं काय, भिंती मोजायच्या? आणि रागाच्या तळाशी भीतीही होती: खरंच डोळे गेले असतील तर?

तिने भराभर टाचण्या उपटल्या, लेस बाजूला केली आणि पुठ्ठा सोडला. आतला रूळ उघडा पडला. अगदी उघडा. डावीकडे तो जरा बारीक होता, म्हणून आईच्या वेळेपासून तिथे फलालीनची पट्टी गुंडाळलेली असायची. त्यामुळे पुठ्ठा दोन्हीकडे सारखा आवळून बसायचा. ती पट्टीच नव्हती.

"माझी पट्टी कुठाय?"

"ती कळकट चिंधी होय?" भावजय दारातून म्हणाली. "तुम्ही आजारी होतात ना, तेव्हा उशी झटकली मी. पुठ्ठा मात्र होता तस्सा लावला हं, ताई!"

"पट्टी कुठाय?"

भावजयीची नजर टेबलाखाली गेली. ताईचीही गेली. एका पायाखाली चौपदरी घडी करून फलालीन दडपलेलं होतं. कंबर कुरकुरली, पण ताई वाकली आणि पट्टी खस्सकन ओढून काढली. टेबल कलंडलं, चहा भावाच्या मांडीवर.

"अगं ए! टेबल डुगडुगत होतं म्हणून ठेवली होती ती!"

"टेबल डुगडुगलेलं तुम्हाला एक दिवसही चाललं नाही," ताई म्हणाली. "माझे डोळे गेलेले मात्र लगेच चालले!"

ताईने पट्टी झटकली, रुळावर घट्ट गुंडाळली आणि वाकडं झालेलं उसवायला बसली. भाऊ ओल्या मांडीनिशी टेबल धरून बसला होता. सोडलं की कलंडत होतं.