पुढची चाकं

वेसाव्याच्या बंदरावर आठवडाभर एकच बोलणं चाललं होतं, की कुंदाने जीप जाळली. सुकट वाळत घालणाऱ्या बायका बोलत होत्या, जाळी दुरुस्त करणारे पुरुष बोलत होते, आणि कुंदा जवळ आली की सगळे एकदम समुद्राकडे बघायला लागायचे.

जीप तिच्या नवऱ्याची, बळवंतची. पत्रा खाऱ्या वाऱ्याने पोखरलेला, पण ओढायची चारही चाकांनी. पावसाआधी मासेमारी बंद झाली की होड्या भरतीबरोबर येतील तेवढ्या वर आणायच्या आणि पुढे वाळूवरून दोर लावून जीपने ओढून घ्यायच्या, ही रीत. बळवंत गेल्यावर ते काम कुंदाने चालू ठेवलं. कुणाच्या होडीला तिने कधी खरचटू दिलं नव्हतं.

यंदा पहिलीच होडी लावली, तर मागची चाकं वाळू उडवत खड्ड्यात बसली आणि पुढची नुसती उभी राहिली, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखी. चारही चाकांना जोर देणारा, गिअरशेजारचा छोटा दांडा तिने काढून पुन्हा घातला. काही उपयोग नाही. क्लचचा जळका वास मात्र सुटला.

धाकटा दीर श्यामकांत जोगेश्वरीहून एक गॅरेजवाला घेऊन आला. त्या माणसाने बॉनेटवर हात ठेवला, वास घेतला आणि विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

"आमची वयनी."

"मग पुढच्या चाकांना जोर देणारा डबाच गेला खालचा. बायका क्लचवर पाय ठेवूनच चालवतात. भंगारात काढा."

चहा पिऊन तो गेला. गाडीखाली एकदाही वाकला नाही. कुंदाला हेच जेवताना आठवायचं, भांडी घासताना आठवायचं. चालवणारी कोण ते कळलं आणि त्याला गाडीचा रोगही कळला. आणि त्याचं बोलणं श्यामकांतने घरोघर पोचवलं.

"ओढायला मढचा ट्रॅक्टर सांगतो," तो सकाळी ओटीवर बसून म्हणाला. "दरवर्षी तोच येईल आता."

"भाऊजी, आधी खाली बघू या तरी."

"काय बघायचं? तो त्या कामातला माणूस हाय."

"त्याने बघितलं कुठे?"

"तू गाडीचा नाद सोड गो वयनी. सुकटीचं काम काय कमी हाय घरात?"

त्या दिवशी संकष्टी होती. उपवासाला आवाज चढवायचा नाही हा कुंदाचा नेम, म्हणून ती बोलली नाही. पण हातातला पेला तिने असा खाली ठेवला की सासूने मान वर केली.

"मिठाची गुळणी धरलीस काय?" पुतळाबाई म्हणाली. "गाडी तुजी हाय. जा, बघ जा."

कुंदा गेली. श्यामकांतचा मुलगा प्रज्योत किनाऱ्यावरच होता, त्याला तिने स्टिअरिंगवर बसवलं. स्वतः बाजूला, चाकांपासून लांब, वाळूवर आडवी झाली.

"दांडा घाल. आता हळू क्लच सोड."

मागची चाकं फिरली. आणि तिला दिसलं की पोटाखालून पुढे जाणारा लांब दांडाही गरगर फिरतोय. म्हणजे डबा जिवंत होता, जोर पुढपर्यंत पोचत होता. पुढची चाकं तो घेत नव्हती, एवढंच.

"बंद कर. जॅक आण."

जॅक लावून त्यांनी पुढचं एक चाक वाळूवरून उचललं. गाडी गिअरमध्ये होती, ते चाक हाताने हलायलाही नको होतं. ते सायकलच्या चाकासारखं फिरलं. चाकावर रोशनीच्या, म्हणजे श्यामकांतच्या मुलीच्या, हळदीला लावलेलं चंदेरी झाकण अजून तसंच होतं. कुंदाने स्क्रूड्रायव्हर घालून ते उपटलं. मधोमध, भोक झाकायला, एक पत्र्याची चकती, तिच्यावर चिकटपट्टी.

चाकाच्या पोटात तिथे एक जाड लोखंडी डबी असते. तिची कळ फिरवली की चाक आतल्या दांड्याला जोडलं जातं. बळवंतने त्या दोन्ही डब्या कायमच्या जोडून ठेवल्या होत्या, म्हणून यंदा झाकणं काढून बघावं असं तिच्याही मनात आलं नव्हतं.

"डब्या कुठे आहेत रे?"

प्रज्योतने उपटलेलं झाकण उचललं. मग म्हणाला, "काकी, त्या बाहेर यायच्या ना. झाकण बसत नव्हतं. मला वाटलं, शोची वस्तू हाय."

"आणि आठवडाभर बाप मला नावं ठेवतोय, ते ऐकत होतास?"

"मला काय माहीत तेच्यामुळे झालंय. गॅरेजवाला बोलला डबा गेला."

"तो बोलला," कुंदा म्हणाली. "घेऊन ये."

डब्या त्याच्या पलंगाखाली पिशवीत निघाल्या. पुसून, ग्रीस भरून दोघांनी बसवल्या आणि बोल्ट कसले. भरती आली तेव्हा कुंदाने अडलेल्या होडीला दोर लावला. जीपने चारही चाकांनी वाळू धरली आणि होडी सरसर वर आली. बघायला आठवडाभर बोलणारी तीच माणसं जमली होती. एकाने टाळी वाजवली, तिला ती टोचली.

रांगेत पुढची होडी श्यामकांतची. पाणी तिच्या बुडाशी येऊन परतत होतं. त्याने दोर हुकात अडकवला आणि हसला.

"झालं ना गो वयनी. चल, घे ओढून."

कुंदाने इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"भाऊजी, कुंदाने जीप जाळली, हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"आता ते काय घेऊन बसलीस. पाणी उतरंल."

"उतरू दे."

"पोराची चूक हाय, मी बोलतो त्याला."

"पोराने चूक केली ती पोराने सांगितली. मी तुमचं विचारतेय."

श्यामकांतने आजूबाजूला बघितलं. सुकटीच्या बायका हातातलं काम थांबवून उभ्या होत्या. "वयनीने काय नाय केलं," तो दोराकडे बघत पुटपुटला.

"वाऱ्यात गेलं," कुंदा म्हणाली. आवाज तिचा नेहमीएवढाच होता. "तेव्हा बंदरभर ऐकू गेलं होतं."

एक लाट आली, होडी थोडी कलली. श्यामकांत वळला. बायकांकडे तोंड करून, घसा साफ करून त्याने सांगितलं की गाडीत दोष नव्हता, चालवणारीत नव्हता, डब्या आपल्याच पोराने काढल्या होत्या आणि आपण न बघता बोललो होतो.

"आणि ट्रॅक्टर?"

"नाय सांगत ट्रॅक्टर."

कुंदाने किल्ली फिरवली. "दोर नीट बसलाय का बघा," ती म्हणाली. "वाकून बघा."

तो वाकला.