कार्पच्या रांगेतलं वरहसू

टकटक बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरखाली घडी घातलेलं ब्लँकेट, रेडिओ मोठ्याने लावलेला, आणि कागदांमध्ये कार्बनचे थर. ब्लाझेना एक बंदी घातलेली कादंबरी पुन्हा टाइप करत होती. कम्युनिस्ट राजवटीतल्या ब्रनो शहरात तेव्हा चांगली पुस्तकं अशीच निघायची. त्या कादंबरीतल्या सरकारने माणसांना नवे शब्द दिले होते. त्यातला एक होता 'वरहसू', म्हणजे साहेब दिसताच चेहऱ्यावर चढवायचं हसू. कायद्यानेच सक्तीचं.

तिचा धाकटा भाऊ ओटाकार आत आला तो पांढराफटक पडूनच.

"ताई, जीभ घसरली. फोरमनला म्हणालो, 'काय झकास वरहसू चढवलंय!' गुरुवारी पोलिसांनी चौकशीला बोलावलंय."

"गाढवा! छाप्यात आपली एक प्रत त्यांना सापडलीय. तो शब्द त्या पुस्तकाबाहेर कुठेच नाही."

"म्हणूनच तर बोलावलंय. पण तुझं नाव नाही घेणार मी."

ओटाकार बोलला तर ब्लाझेना तुरुंगात, न बोलला तर तो, आणि त्याच्या मुली अजून लहान होत्या. कागद जाळता आले असते, पण फोरमनने ऐकलेला शब्द कसा जाळणार?

"पुस्तकाबाहेर नाही ना?" ती शेवटी म्हणाली. "मग आपण बाहेर काढू."

नाताळ तोंडावर आला होता. चौकाचौकात नाताळच्या जेवणाला हवाच असणाऱ्या जिवंत कार्प माशांचे हौद लागले होते आणि अर्धं शहर त्या रांगांत उभं होतं. ब्लाझेना जन्मात कधी रांगेत तोंड उघडणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उघडलं.

"बघा हो," मासेवाल्याकडे बोट दाखवत ती म्हणाली, "मरतुकडा मासा गळ्यात मारताना कसं वरहसू चढवलंय मेल्याने!"

पुढच्या आजीने मान वळवली. "काय चढवलंय?"

"वरहसू. वरवरचं हसू. आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात." साफ खोटं.

आजी खुदकन हसली. "अगं बाई, आमच्या जावयाचं तर उतरतच नाही!"

मासा न घेताच ब्लाझेना पुढच्या हौदाच्या रांगेत जाऊन उभी राहिली, मग त्याच्या पुढच्या. पाय सुजले, घसा बसला, पण ती हटली नाही. बुधवारी ट्राममध्ये तपासनीस तिच्यावरच खेकसला, "बाई, ते वरहसू पुरे, तिकीट दाखवा!" आनंदाने तिला रडूच आलं.

गुरुवारी ती दिवसभर खिडकीशी बसून होती. तिन्हीसांजेला ओटाकार आला आणि कोट न काढताच बोलू लागला.

"शब्द कुठे वाचलास, असं विचारलं. म्हटलं, वाचला नाही साहेब, कार्पच्या रांगेत ऐकला. चौकशी करणाऱ्या साहेबाने टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात वरून फोन आला. गडी उभा राहून फोनलाच बत्तीशी दाखवायला लागला! कोपऱ्यातली टाइपिस्ट तोंड दाबून हसत होती. फोन ठेवून तो तिच्यावर ओरडला, 'तुम्हालाही माहीत आहे हा शब्द?'"

"मग?"

"ती म्हणाली, 'साहेब, रांगेत तुमच्या बाईसाहेबांनीच सांगितला. तुमच्याबद्दलच बोलत होत्या.' मला म्हणाला, चालता हो!"

ब्लाझेना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या नाताळला त्यांच्या ताटात कार्प नव्हता, नुसतं बटाट्याचं सॅलड होतं. जेवणं झाल्यावर तिने टेबल पुसलं, ब्लँकेटची घडी घातली आणि तिच्यावर टाइपरायटर ठेवला.

"अजून?" ओटाकारने विचारलं.

"अजून," ती म्हणाली. "रेडिओ लाव."