रताळे बाउलचे अकरा गडी

मिसिसिपीतल्या आमच्या मेबर्न गावात अठ्ठावन्न वर्षं रताळे बाउल नावाचा सामना होत आला. कॉलेजच्या फुटबॉलचा मोसम संपला की बऱ्यापैकी खेळलेल्या संघांना गावोगावची आमंत्रणं जातात. कुणी संत्र्याच्या नावाने बोलावतं, कुणी साखरेच्या, आम्ही रताळ्याच्या. नाताळनंतर दोन दिवसांनी, दुपारी एकला. लांबुळका चेंडू, डोक्यात हेल्मेटं, आणि एकमेकांच्या अंगावर रेड्यासारखं धावून जाणं. एकाहत्तर सालच्या सामन्यात मारलेली एक किक अजून खाली आलेली नाही. पंचांच्या वहीत ती अजून हवेतच आहे. खोटं सांगत नाही. तेव्हाही मी मैदानाच्या कडेला, चेंडू किती पुढे गेला ते मोजायच्या दहा यार्डांच्या साखळीची काठी धरून उभा होतो, आणि शेवटच्या सामन्यालाही मीच होतो.

समितीचा अध्यक्ष थर्लो बीझ्ली. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात बारा महिने रताळ्याच्या रंगाचा कोट. बायकोला पुरतानाही त्याने तोच घातला होता, आणि मुलीने डोळे वटारले तेव्हा म्हणाला, "तुझ्या आईने मला याच्यातच पसंत केलं होतं." सामना हेच त्याचं उरलेलं घर. गावातली कापडगिरणी गेली, रेल्वे गेली, दवाखाना शेजारच्या गावाने नेला. बाउल तेवढा राहिला होता, आणि तो जाऊ द्यायचा नाही एवढ्यासाठीच थर्लो जगत होता.

शेवटच्या वर्षी उन्हाळ्यात टीव्ही कंपनीची डेल्फिन राउस नावाची बाई आली. पांढरे बूट घालून रताळ्याच्या शेतातून चालत आली आणि बूट पांढरेच राहिले. तिथेच मला तिची भीती वाटली.

"मिस्टर बीझ्ली," ती म्हणाली, "चांगले संघ आता विजेतेपदाच्या मोठ्या प्लेऑफमध्ये जातात. उरलेल्या संघांतली पोरं मोसम संपला की दुसऱ्या कॉलेजात उड्या मारतात. तुमचा सामना बघणार कोण?"

"आम्ही बघतो की."

"तुम्ही स्टेडियममध्ये असता हो. टीव्हीसमोर कोण असतं?"

मग तिनेच सांगितलं, यंदाचा सामना धड पार पडला तर पुढची पाच वर्षं करार. नाहीतर बाउल बंद.

इथे थर्लोने शहाणपणा केला. "धड म्हणजे काय ते लिहूनच टाका," तो म्हणाला. "शेवटची शिट्टी वाजेल तेव्हा दोन्हीकडे अकरा-अकरा गडी मैदानात उभे पाहिजेत. एक जरी कमी भरला तरी करार रद्द." त्याला वाटलं, या कलमाच्या धाकाने कोच लोक पोरांना धरून ठेवतील. बाईने त्याचं वाक्य संपायच्या आत सही केली. फासाला आपल्या गळ्याचं माप स्वतःच देऊन आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डिसेंबरात संघ आले. एकीकडे डनमोर स्टेट, दुसरीकडे टॅलन टेक. आमची जुनी रीत अशी, की पाहुणा बसमधून उतरला की त्याच्या हातात भेटीची पिशवी द्यायची. घड्याळ, गॉगल, टोपी, वर रताळ्याची पाई, गोड सारण भरून भाजलेली. बाकी सगळ्या बाउलांनी पिशवी सामन्यानंतर द्यायची शिस्त कधीच लावून घेतली होती. मी थर्लोला म्हटलं, "अरे, यंदा तरी पिशव्या कुलपात ठेव."

"पाहुण्याला ताटकळवून भेट द्यायची? आपण काय टोल नाक्यावर बसलोय?"

पोरांनी पिशव्या घेतल्या, "थँक यू, सर" म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दाराने एकसष्ट जण निघून गेले. पाई तेवढ्या ठेवून गेले. जिन्यात ओळीने.

सामन्याला टॅलन टेकचे एकवीस उरले, डनमोरचे चोवीस. थर्लो म्हणाला, "पुरेत."

पण प्रेक्षकांत चांगली पोरं फोडून न्यायला दुसऱ्या कॉलेजांचे दलाल बसले होते. गॉगल लावलेले, दोन-दोन फोनवाले. डनमोरच्या एकाने पहिल्याच चेंडूवर साठ यार्ड धावून टचडाउन केलं. लोक उठून ओरडले. तो रेषेपलीकडे पोचला, हेल्मेट काढलं, आतला फोन कानाला लावला, आणि तसाच धावत पार्किंगमध्ये गेला. चेंडूही घेऊन गेला. दहा मिनिटांनी टॅलनच्या एकाने हवेत झेप घेऊन झेल पकडला. तो खाली टेकायच्या आत त्याची बॅग भरून झाली होती.

जो बरा खेळेल तो जाई. कोच लोकांच्या हे लवकर लक्षात आलं.

"हातातून सुटू दे चेंडू!" टॅलनचा कोच माझ्या कानाजवळ बोंबलला. "पड, लेका, पड! दिसू नकोस!"

"पण कोच, समोर कुणीच नाहीये!"

"म्हणूनच पड!"

इतका वाईट फुटबॉल मी कधी पाहिला नाही, आणि मी आमच्या चर्चचे दोन्ही संघ पाहिलेत. मध्यंतराला डनमोरच्या कोचलाच दुसरीकडची नोकरी लागली. तो संघाशी बोलता बोलता भाषण अर्धं सोडून गेला. पोरं बिचारी पुढच्या वाक्याची वाट बघत अर्धा तास बसून राहिली.

चौथ्या डावात चार मिनिटं उरली तेव्हा डनमोरचे बारा होते. टॅलनचे बरोबर अकरा.

त्या अकरातला एक ओबादाया टिली. सगळे ओबी म्हणत. आमच्याच जिल्ह्यातला, तीन मण वजनाचा, बावीस वर्षांचा. मधोमध उभं राहून चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. चार वर्षं त्याने ते इमानाने केलं आणि त्याला कुणी फोन केला नाही. त्यानेही फोन हेल्मेटात ठेवला होता. दर थोड्या वेळाने काढून बघायचा. दलाल त्याच्याकडे बोट दाखवून हसायचे.

डनमोरचा एक गडी त्याच्या गुडघ्यावर तिरपा पडला. आवाज मी साखळीपाशी ऐकला. ओला वासा मोडावा तसा.

मैदान थांबलं. डॉक्टर धावला, बघून म्हणाला, "संपलं. स्ट्रेचर आणा."

स्ट्रेचरच्या आधी थर्लो पोचला. पोरांना लेकरं म्हणणारा थर्लो. दरवर्षी प्रत्येकाचं नाव पाठ करून हात मिळवणारा.

"ओबी, बाळा," तो वाकून म्हणाला, "फक्त उभं राहायचंय. खेळू नकोस."

"सर, पाय खाली टेकतच नाहीये."

"दुसरा टेकव."

डॉक्टर म्हणाला, "मिस्टर बीझ्ली, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? हा पाय कायमचा जाईल."

"तुला विचारलं मी?" थर्लोने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "ओबी, तू उठला नाहीस तर बाउल बंद. तुझ्या बापाने इथे शेंगदाणे विकले. तुझी आई इथे बँडमध्ये होती. आपल्या गावाकडे दुसरं काय आहे, सांग?"

ओबी माझ्याकडे वळला. "काका, किती वेळ राहिलाय?"

घड्याळावर चार मिनिटं होती. मी म्हटलं, "एक."

हे मी माझ्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

दोघांनी धरून त्याला उभं केलं. त्याने चेंडू मागे दिला. डनमोरच्या गड्याने त्याला हात लावला नाही, तोही शेवटी माणूसच. पण त्यांच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पाड त्याला! त्यांचा एक कमी झाला की सामना संपला, आपण घरी!" पुढच्या वेळी त्याने पाडलं. ओबी उठला. पुन्हा पाडलं. पुन्हा उठला. आता प्रेक्षक मोजायला लागले. आधी हसत, मग टाळ्यांच्या ठेक्यात. सहा... सात... आमच्याच गावचे लोक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. नवव्या वेळी त्याचा पाय उलट्या बाजूला वळला, तरी टाळ्या चालूच. मी साखळी धरून उभा होतो आणि, देव मला क्षमा न करो, पायाने ठेका धरला होता.

शिट्टी वाजली तेव्हा अकरा होते. ओबी एका पायावर, डोळे मिटून, शेजारच्याच्या जर्सीत दात रोवून.

थर्लो रडत रडत डेल्फिन राउसकडे गेला. कोट चिखलाने भरला होता. "मोजा, मॅडम. मोजा."

"मोजायची गरजच नाही," ती हसली. खरंच खूश होती. "शेवटची चार मिनिटं देशभर गाजतायत. इतके लोक तर गेल्या दहा वर्षांत मिळून बसले नाहीत टीव्हीपुढे. कंपनीने आत्ता फोन करून सांगितलं, रताळे बाउल ठेवायचा. पाच नाही, दहा वर्षं."

थर्लोने तिचे दोन्ही हात धरले.

"पुढच्या वर्षीपासून तिकडे पार पश्चिमेला, नेवाडात," ती हात सोडवत म्हणाली. "छपराचं मोठं स्टेडियम आहे, ऐंशी हजारांचं. नाव तेच ठेवतोय, लोकांना गंमत वाटते. आणि गडी दुखावला तरी उभा राहण्याचा तो शेवटचा भाग आहे ना, तो आम्ही नियमातच बसवणार आहोत."

"पण करार तर..."

"करारात सामन्याचं नाव आहे, मिस्टर बीझ्ली. गावाचं कुठे लिहिलंय? कलमं तुम्हीच सांगितलीत."

तो तिथेच उभा राहिला. मी जाऊन त्याच्या दंडाला धरलं. रुग्णवाहिका फाटकाशी थांबली होती. शेजारच्या गावाहून यायची, म्हणून उशिरा आली होती. ओबीला आत सरकवत होते. थर्लोला बघून त्याने मान उचलली. ओठ निळे पडले होते.

"सर, वाचला का आपला बाउल?"

थर्लोने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"वाचला, बाळा."

"मग झालं तर." ओबी हसला. "पुढच्या वर्षी बघायला येईन. खेळता तर यायचं नाही आता. जागा ठेवाल ना?"

"ठेवतो. अगदी पुढे. आत-बाहेर करायला सोपी अशी."

दार लागलं. गाडी वळली तसा थर्लो मला म्हणाला, "त्याने किती वेळ राहिला विचारलं तेव्हा तू एकच मिनिट का सांगितलंस?"

"तू किती सांगितलं असतंस?"

स्टेडियममध्ये लोक अजून एक-दोन-तीन म्हणत टाळ्या वाजवत होते. बाउल गावातून गेला हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अर्धं मिनिट," तो म्हणाला.