पेजेला विटेचा रंग

नाक मुरडणार नसाल तर माझी गोष्ट सांगते, मित्रांनो. मी काचेची एक जुनी नळी आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्या बहिणी असतील. गुरुजी त्यांना परीक्षानळी म्हणतात आणि त्यांत चुन्याची निवळी घालून फुंकायला देतात. त्यांचं नशीब चांगलं. माझ्या वाट्याला आली ती माणसांची लघवी. हसा, हसून घ्या. मलाही पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्या चार थेंबांत मी जे पाहिलं, त्याचं नवल मला आज इतक्या वर्षांनीही सरलेलं नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका काचकारखान्यात झाला. कारागिराने लांब नळीचा तुकडा कापला, ज्योतीवर फिरवत त्याचं एक टोक बंद केलं आणि दुसऱ्या टोकातून हलकीच फुंकर घातली. माझं हे गोल बूड त्या फुंकरीचं आहे. मग कापसात गुंडाळून मी कर्जतला आले, एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात. तिथे लाकडी घोडीवर आम्ही बहिणी ओळीने उभ्या असायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचो.

डॉक्टरीणबाई आमच्यात एक निळं पाणी ओतायच्या. मोरचूद घालून केलेलं ते औषध दिसायला फार देखणं. त्यात रोग्याच्या लघवीचे थोडे थेंब टाकायचे आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. लघवीत साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, मग नारिंगी, आणि साखर फार असली की भट्टीतून काढलेल्या विटेसारखं लाल. पहिल्यांदा माझ्या पोटात निळ्याचं लाल झालं तेव्हा मला वाटलं, आपण आतून पेटलो की काय. मी तर नुसती काच. मी काही करत नव्हते. माणसाचं शरीर माझ्यातून बोलत होतं, आणि तेही सकाळी काय खाल्लं त्याबद्दल. मी थक्क होऊन बघत राहिले.

साठ-बासष्ट सालचा फाल्गुन असेल. कडावचा येसाजी नावाचा भातशेतकरी बायकोला घेऊन दवाखान्यात आला. अंगाने दांडगा, पण डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. पेरणीआधी रोपांची जागा पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला तिकडे राब म्हणतात. त्या राबासाठी फांद्या तोडताना एक टोकदार खुंट त्याच्या अंगठ्यात घुसला होता. त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं. घरी आल्यावर बायकोला, सोनुबाईला, पडवीत रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा शोध लागला. तेव्हापासून जखम भरायचं नाव घेत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला उचललं, निळं पाणी घातलं, थेंब टाकले. बघता बघता मी विटेसारखी लाल झाले.

"येसाजी, पायात खुंट घुसला आणि तुम्हाला दुखलं नाही, याचं मला जास्त भय वाटतं," बाई म्हणाल्या. "हा मधुमेह आहे, त्याने पाय बधिर होतात. साखर उतरली नाही तर जखम भरणार नाही. मग अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावरच थांबेल, असंही मी सांगत नाही."

येसाजीने पायाकडे पाहिलं. "आवणीला चिखलात उतराय मिळंल ना, बाई?"

"पाय राहिला तर उतराल."

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायचं काम. तोवर चार महिने होते. बाईंनी गोळ्या दिल्या, पट्टी बांधली, चहातली साखर आणि गोडधोड बंद करायला सांगितलं. रोज कर्जतला येणं जमायचं नाही म्हणून निळ्या पाण्याची बाटली दिली आणि सोनुबाईच्या हाती मला दिलं. न्याहारीनंतर दोन तासांनी तपासायचं कसं, हे तिला करून दाखवलं. सोनुबाईने मला पदरात बांधलं आणि यष्टीत सबंध वाट पोटाशी धरून बसली.

घरी मात्र तिने मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतही घेतलं नाही. "ही माझ्या चुलीपाशी यायची नाय," असं बजावून तिने मला परसात, अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं. मला थोडा राग आला. पण तिची बाजूही मला कळत होती.

सोनुबाई कष्टाळू आणि नवऱ्यावर जीव टाकणारी. तिने चहातली साखर त्या दिवसापासून बंद केली आणि तिच्या जागी घरचा गूळ घातला. होळीला पोळी केली नाही. आणि सगळ्यांत मोठं काम केलं ते पेजेचं. त्या भातपट्ट्यात आजारी माणसाला पेजच द्यायची रीत. ताप असो, पोट असो, बाळंतीण असो, पहिल्यांदा पेज. कोलम तांदळाच्या कण्या रटरट शिजवून, मऊ पातळ करून, वर मीठ घालून ती येसाजीपुढे पेजेचं भांडं ठेवायची. "गिळाय सोपी हाय, अंगाला लागंल," म्हणायची. तो ओरपून संपवायचा आणि ती आणखी वाढायची.

मग दोन तासांनी मी लाल.

मी लाल झाले की ती घाबरायची आणि दुसऱ्या दिवशी पेज आणखी मऊ करायची. एक पळी जास्त वाढायची. मी पुन्हा लाल. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. जो घास ती एवढ्या मायेने भरवत होती, तोच माझ्यात विटेचा रंग होऊन उतरत होता. पण माझ्याकडे रंग सोडून दुसरी भाषा नव्हती. तिकडे अंगठा काळवंडू लागला होता. फडकं सोडलं की वास यायचा.

चैत्रात येसाजीची थोरली बहीण धोंडूबाई भावाला बघायला आली. डोंगराच्या पायथ्याच्या गावी दिलेली, तोंडाने फटकळ. तिने माझा लाल रंग पाहिला आणि कमरेवर हात ठेवले.

"साखर बंद, पोळी बंद, तरी लालच? येसाजी, मी सांगतंय रं तुला, ही काचच खोटी हाय. बाटलीतल्या पाण्याचा रंग बघून रोग कळतो व्हय?"

येसाजीही कंटाळला होता. "मला बी तसंच वाटतंय. टाक गं ती उकिरड्यात," तो सोनुबाईला म्हणाला आणि स्वतःच मला उचललं. मी त्याच्या मुठीत होते. त्याचा हात मागे गेला आणि मी फुटायची तयारी केली.

"थांबा," सोनुबाई म्हणाली. "टाकायच्या आदी तिची परीक्षा घेते."

"कशी घेतेस?"

"उद्या तुमच्या टोपातली पेज मी बी खाते. तेवढीच. मग तुमचं बी बघू नि माझं बी. काच खोटी असंल तर माझं बी लालच व्हईल."

धोंडूबाई तोंडाला पदर लावून हसली. पण दुसऱ्या सकाळी तीच सगळ्यांत आधी परसात येऊन बसली. नवरा-बायकोने एकाच टोपातली पेज खाल्ली, सारखी वाढून. गुळाचा चहाही दोघांनी घेतला. दोन तास गेले. पुढचं जे करायचं ते केलं. आधी येसाजीचे थेंब माझ्यात पडले. मी लाल झाले. सोनुबाईने मला राखेने घासलं, तीनदा धुतलं, नवं निळं पाणी घातलं आणि आपले थेंब टाकले. चुलीवरच्या उकळत्या पाण्यात मला उभं केलं.

पाणी खदखदत होतं. तिघंही वाकून बघत होती. मीही स्वतःकडे बघत होते. मी निळी राहिले. काठापासून बुडापर्यंत निळी.

माझ्या सगळ्या आयुष्यातलं मोठं नवल ते हेच. एक टोप, एक पेज, एक चूल. सोनुबाईच्या अंगात ती पेज तिचं बळ झाली आणि येसाजीच्या अंगात तिचीच साखर होऊन बाहेर वाहू लागली. वरून दोघंही सारखीच माणसं दिसत होती. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं, आणि ते माझ्यासारख्या बोटभर काचेत उतरलं होतं.

धोंडूबाईचं हसू गेलं. सोनुबाईने मला पाण्यातून बाहेर काढलं. "काच खोटी नाय, वन्सं," ती म्हणाली. "मी रोज ह्यांना हेच भरवलं. जास्त जास्त भरवलं." आणि ती रडायला लागली. धोंडूबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्याच दिवशी तिघं मला घेऊन कर्जतला गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"चूक माझी आहे. काय खाऊ नका ते सांगितलं. सकाळी काय खाता ते विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. मग सोनुबाईकडे वळून समजावू लागल्या, "पेज म्हणजे पातळ झालेला भातच. चावायचंही काम नाही, पोटात गेली की लगेच रक्तात. गूळ तर साखरेची सख्खी बहीण. ह्यांना असं द्या, जे चावावं लागेल आणि हळूहळू पचेल. नाचणीची एक भाकरी, मोड आलेल्या वालाचं बिरडं नाहीतर मुगाची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वाटीभर ताक. अंडं चालेल. चहात काही नको. आणि गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही, हे लक्षात ठेवा."

नाचणीचं नाव सोनुबाईला रुचलं नाही. भात पिकवणाऱ्या घरात नाचणी म्हणजे डोंगरावरच्यांचं खाणं. त्यात आजारी माणसाला पेज न देता काळी भाकरी वाढायची. "गाव काय म्हणंल? नवऱ्याला धड पेज बी करून घालत नाय म्हणंल," ती परतीच्या वाटेवर हळूच बोलली.

"आमच्या डोंगराकडं समदी नाचणीच खात्यात, आमी काय मेलो?" धोंडूबाई म्हणाली. "गावाला पाय तोडून द्यायचा हाय का तुला?" आणि पुढच्या आठवड्यात तिने नाचणीचं पोतंच पाठवून दिलं.

मग माझ्या पोटातले रंग बदलू लागले. गुळाचा चहा आणि पेज गेली तशी मी लालवरून नारिंगी झाले. नारिंगीची पिवळी झाले. येसाजी आनंदला. नाचणी औषध आहे म्हणून त्याने एका सकाळी तीन भाकऱ्या हाणल्या आणि मी परत नारिंगी. बाई चांगल्याच रागावल्या. "औषध आहे म्हणून सगळी बाटली पिता का?" त्यानंतर एकच भाकरी आणि भाजी दुप्पट. सोनुबाई वाल भिजवायची, मोड आणायची, सोलत बसायची. गोळ्या चालू, पट्टी चालू. शेजारणी कुजबुजल्या, पण सोनुबाईने मान वर केली नाही. ती रोज पहिल्यांदा माझ्याकडे बघायची आणि मग अंगठ्याकडे. मी हिरवी झाले त्या आठवड्यात जखमेच्या कडेला गुलाबी कातडी दिसली.

ज्येष्ठातल्या एका सकाळी मी उकळत्या पाण्यात उभी होते आणि माझा रंग बदललाच नाही. सोनुबाईने मला उन्हात धरलं.

"आवं, बघा जरा इकडं."

येसाजीने डोळे बारीक करून बघितलं. "थेंब टाकलेस ना, का इसरलीस?"

तिने पुन्हा सगळं केलं. मी पुन्हा निळी. येसाजी चुलीपाशी बसला आणि दोन्ही हातांनी आपला पाय धरून राहिला.

आषाढात बाईंनी अंगठा दाबून पाहिला आणि चिखलात उतरायची परवानगी दिली. आल्यावर पाय धुवायचे, कोरडे पुसायचे आणि तळवा नीट बघायचा, एवढी अट घातली. आवणीच्या पहिल्या दिवशी तो दुपारी घरी आला आणि पाय धुवायच्या आधीच तसाच पडवीत चढला. सोनुबाईने सकाळीच पडवी शेणाने सारवली होती. त्यावर चिखलाचं पाऊल उमटलं, पाचही बोटांचं. इतर दिवशी तिने त्याला फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी ती पावलापाशी बसली, आधी अंगठ्यावर बोट ठेवलं, मग एकेका बोटावर. ते पाऊल तिने पुसलं नाही. संध्याकाळी मला राखेने घासून, धुऊन ती आत घेऊन गेली आणि चुलीच्या वरच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी उभं केलं.

मी अजून तिथेच आहे. माझ्या काठाला चीर गेली आहे. आता म्हणे कागदाच्या पट्ट्या निघाल्या आहेत, त्यांच्यावरच रंग दिसतो. निळ्या पाण्याची बाटली कधीच संपली आणि मला कुणी हात लावत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल तर त्याला मायेने जरूर वाढा, पण ते त्याच्या अंगात जाऊन काय होतं तेही विचारा, डॉक्टरांना विचारा, तपासून बघा. सकाळचा घास लहान दिसतो. तो माणसाचा पाय राखतो, हे मी माझ्या पोटात पाहिलं आहे.

येसाजीचे केस पांढरे झाले. रोज सकाळी तो पाटावर बसतो आणि सोनुबाई त्याच्यापुढे नाचणीची भाकरी आणि बिरडं ठेवते. ताट ठेवायच्या आधी ती अजूनही त्याच्या डाव्या पायाकडे बघते. फळीवरून मीही बघते.