एकोणीस नंबरचे बी

मित्रांनो, माझ्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात एकोणीस हा आकडा लिहिलेला आहे. तेच माझे नाव. जातीने मी चीड, म्हणजे पाइनचे झाड. नाव चीड असले तरी रागावणे मला कधी जमले नाही. चाळीस वर्षे एका जागी मुकाट उभा आहे. आता आकड्याचा रंग उडाला आहे आणि तो नव्याने देणारे कोणी उरलेले नाही.

माझा जन्म बीपासून झाला नाही. दूरच्या डोंगरावर एक सरळसोट, उंच वृक्ष होता. त्याच्या शेंड्याची बोटभर डहाळी आणून एका लहान रोपावर कलम बांधले, तो मी. माझ्यासारखी, पण वेगवेगळ्या वृक्षांची, आणखी कितीतरी कलमे ओळीने लावली आणि प्रत्येकाला नंबर दिला. आमच्याकडून कोणाला लाकूड नको होते, बी हवे होते. म्हणून या जागेला बियाण्यांची बाग म्हणत.

झाडावर चढायचे काम एक बाई करी. तिला सगळे खारूताई म्हणत. नवी पालवी येण्याच्या दिवसांत ती कमरेला दोर बांधून माझ्या शेंड्यापर्यंत येई आणि कोवळ्या शंकूंवर, म्हणजे आमचे बी धरणाऱ्या बोंडांवर, कागदी पिशव्या बांधी, म्हणजे वाऱ्यावरचे भलतेच पराग आत शिरू नयेत. मग निवडक झाडाचे पराग पिचकारीने आत सोडी. ते शंकू पिकायला दीड-दोन वर्षे लागत. तोवर ती तळहातावरच्या फोडासारखे त्यांना जपे.

बागेमागच्या माळापलीकडे चाचणीसाठी प्रत्येक झाडाच्या बियांची रोपे लावली होती, त्यांत माझी लेकरे सगळ्यांत उंच गेली. पाहुणे येत, मान वर करून पाहत, माझ्या खोडाशी उभे राहून फोटो काढून घेत. मला धन्य वाटे. बागेचे साहेब वाईट नव्हते. असे एक झाड शोधता शोधता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी ठरवले की पुढची सगळी लागवड एकोणीसच्याच बियाण्याची करायची.

त्याच सुमारास खारूताईला माझ्या अकरा लेकरांचे शेंडे वाळलेले दिसले. खोडांवरून राळ ओघळत होती. शेजारी सात नंबरची वाकडीतिकडी पोरे मात्र ठणठणीत होती. ती एक वाळकी डहाळी घेऊन साहेबांकडे आली. ते माझ्याच सावलीत उभे होते. तिने सुचवले की निदान चार-पाच झाडांचे बी मिसळून लावू. साहेब म्हणाले, यंदा ऊन फार पडले, त्याचा हा परिणाम.

"उन्हानं वाळलं असतं, तर सातचंही वाळलं असतं, साहेब."

साहेबांनी डहाळी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. "तू चढायचं काम चांगलं करतेस. तेच कर."

त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

तिचे वडील सुतार होते. हात थरथरू लागल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला होता. घरामागे त्यांचा एक उतार पडीक होता. एकदा तिचा घरी विसरलेला डबा द्यायला ते बागेत आले. त्यांनी माझ्या खोडावरून सावकाश हात फिरवला आणि लेकीला विचारले, उतारावर ह्याचीच रोपे लावू का?

खारूताईने माझ्याकडे पाहिले, मग साहेबांच्या खोलीकडे.

"लावा, बाबा," ती म्हणाली.

ती असे का म्हणाली, ते मला आजही नीट कळलेले नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला मोडवला नसेल.

बाबांच्या उतारावर आणि साहेबांच्या हुकमाने डोंगरोडोंगरी माझेच बी लागले; नऊ वर्षे ती झाडे हां हां म्हणता वाढली. दहाव्या वर्षी धुके महिनोन्‌महिने हटेना आणि रोग डोंगरामागून डोंगर चढला. सगळी एका आईची लेकरे. एकाला जे सोसले नाही, ते कोणालाच सोसले नाही. तोडा आणि जागच्या जागी जाळा, असा हुकूम निघाला. दोन आठवडे तो धूर माझ्या पानांत भरत होता. लाकडाची गिरणी बंद पडली. साहेबांची बदली झाली. जाताना ते माझ्यासमोर उभे राहिले आणि निघून गेले.

मग सुतारबाबा आले. कपड्यांवर काजळी होती. आपल्या उतारावरची झाडे त्यांनी स्वतः तोडून जाळली होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी लेकीला विचारले.

"शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

बाबा आणखी दोन वर्षे जगले. एकाच घरात राहिले, तिने वाढलेले जेवले. पण पुन्हा कधी कुठल्याही गोष्टीत तिचे मत त्यांनी विचारले नाही. हे तिनेच मला सांगितले, फांदीवर बसून, पाठ माझ्याकडे करून.

बाग बंद झाली. मध्ये तो उघडा, कोरडा माळ असल्याने रोग माझ्यापर्यंत आला नाही, पण माझ्या बियांत तोच दुबळेपणा आहे. ऊन तापले की शंकू उकलतात आणि पंख असलेले बी कोसभर उडते, पडेल तिथे रुजते आणि रोगाला पुन्हा घर मिळते. मला तोडायचा हुकूमही झाला होता. तोडणारे आले नाहीत. म्हणून खारूताई दरवर्षी बिनपगारी येई, शंकू उकलण्याआधी एकेक खुडून खाली नेई आणि जाळून टाकी. आठ वर्षे तिने हे केले.

गेल्या वर्षी खुडून झाल्यावर उतरताना तिचा पाय निसटला आणि खांदा मोडला. यंदा ती आली तेव्हा हात डोक्याच्या वर जात नव्हता. आकडीच्या काठीने तिने खालच्या फांद्यांवरचे शंकू ओढून काढले. झाड तोडा म्हणून कचेरीत तीन अर्ज दिले, एकाचेही उत्तर नाही, असे ती म्हणाली. मग तिने शेंड्याकडे पाहिले.

"वरचं आता माझ्याच्यानं होत नाही रे," म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

मित्रांनो, झाडे आपली कहाणी सांगतात तेव्हा शेवटी कुऱ्हाडीपासून वाचवा म्हणतात. माझी विनंती उलटी आहे. कोणाकडे करवत असेल तर या. मला पाडा आणि माझे शंकू जाळा. माझ्या जागी नाना झाडांचे बी लावा, काही वाकडी वाढली तरी चालतील. पण लवकर या. आज ऊन कडक आहे, आणि शेंड्यावरचा पहिला शंकू उकलल्याचा आवाज मी आत्ताच ऐकला.